घोड्याच्या वाटेवर ठकी

गेल्या अंकात इंग्लंडमधल्या कालव्यांवर नॅरोबोटीतून कुत्र्याला घेऊन फिरण्याबद्दल दोनच परिच्छेद लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलंय. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी मूळची चिपळूणची, गेली ३१ वर्षं रग्बीला राहते. आमची ४५ फुटी बोट ऑक्सफर्ड कालव्यावर असते. नॅरोबोट म्हणजे लांबलचक पोलादी बोट, रुंदीला जेमतेम ६ फूट १० इंच, कारण इथली जुनी लॉकं, म्हणजे बोटीला वर-खाली नेणाऱ्या दारांच्या पेट्या, सात फुटांचीच आहेत. बोटीवर आम्ही तिघं: मी, नवरा आणि ठकी. ठकी लर्चर आहे, म्हणजे ग्रेहाउंडसारख्या धावऱ्या कुत्र्याचा संकर. निवारा केंद्रातून आणली तेव्हा दोन वर्षांची होती, आता बारा पूर्ण झाली.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बर्मिंगहॅमला असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे येतोय आणि आठवडाभर बोट भाड्यानं घ्यायचं चाललंय. तिचा लॅब्रडॉर दोन वर्षांचा, ३२ किलोचा आहे. जावई म्हणतात त्याला केनेलमध्ये ठेवू, पाण्याजवळ नको. मुलगी म्हणते तो नाही तर मीही नाही. आमची साठी उलटलीय, पोहता येत नाही. काय करावं? – एक वाचक, ठाणे

त्याला न्याच. मुलीचं बरोबर आहे, पण जावयांची भीतीही खोटी नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे कालवे माणसाच्या सोयीनं बांधलेलेच नाहीत, ते एका जनावराच्या चालीनं बांधलेत. अडीचशे वर्षांपूर्वी इथे कोळसा, मातीची भांडी, धान्य हे सगळं घोड्यानं ओढलेल्या बोटीतून जायचं. रस्त्यावर गाडीला जुंपलेला घोडा टन-दोन टन ओढेल, तोच घोडा पाण्यावरची २५ टनांची बोट एकट्यानं ओढायचा. त्याला चालायला कालव्याच्या कडेनं पायवाट ठेवली, तिला टोपाथ म्हणतात. घोडे गेले, वाट राहिली. आज बोटींना वेगमर्यादा आहे ताशी ४ मैल, आणि काठाला बांधलेल्या बोटींशेजारून जाताना त्याहूनही हळू जायचं असतं. म्हणजे कुत्रा वाटेवरून चालतोय आणि घर त्याच्या बाजूनं पाण्यातून येतंय, असा हा प्रवास. दुसऱ्या कुठल्या वाहनात कुत्र्याला हे मिळतं? गाडीत तो सामान असतो, विमानात तर खरोखरच सामान. इथे वेग तो ठरवतो.

बोट चालवायला भाडेकरूला परवाना लागत नाही. पहिल्या दिवशी कंपनीचा माणूस तासभर सगळं शिकवतो. बहुतेक कंपन्या एक-दोन कुत्री चालवून घेतात, थोडे पैसे जास्त लागतात. मात्र बुकिंग करतानाच सांगा. आणि त्याचं अंथरूण घरचं न्या, नव्या जागी ओळखीचा वास लागतो.

मार्ग कुठला? पहिल्या वेळेला लोक हाव करतात, रोज आठ-नऊ तास बोट हाकतात आणि कुत्रा आत कोंडलेला राहतो. साधा हिशेब ठेवा: दर मैलाला वीस मिनिटं, दर लॉकला वीस मिनिटं. ऑक्सफर्ड कालव्यावरच्या ब्राउनस्टन गावाहून निघून क्रोप्रेडी गावापर्यंत जा आणि त्याच वाटेनं परत या. एका बाजूला साधारण २२ मैल आणि १७-१८ लॉकं, म्हणजे १३-१४ तास. तीन दिवसांत आरामात होतं, मधला एक दिवस क्रोप्रेडीत नुसता बसायला मिळतो. नॅप्टनच्या टेकडीवर पवनचक्की आहे, तिच्या पायथ्याशी नऊ लॉकं एकामागून एक चढत जातात. तिथल्या एका शेतात मी पहिल्यांदा म्हशी पाहिल्या तेव्हा सुकाणू सोडून बघत राहिले. अगदी आपल्यासारख्या काळ्याभोर म्हशी, वॉरिकशरमध्ये! ठकी त्यांच्याकडे आणि त्या ठकीकडे किती तरी वेळ बघत होत्या.

आता धोके. मोठा धोका लॉकमध्ये आहे. लॉक म्हणजे दगडी, उभ्या भिंतींची खोल पेटी; त्यात पडलेल्या कुत्र्याला चढायला काहीही नसतं. म्हणून लॉक आलं की एकच नियम: कुत्रा एक तर बोटीत, दारं लावून, नाही तर जमिनीवर, काठापासून लांब, एका माणसाच्या हातात. ज्याच्या हातात कुत्रा त्यानं दुसरं काम करायचं नाही. लॉकच्या दाराला लांब लाकडी दांडा असतो, त्याला कुत्रा बांधलेले लोक मी पाहिलेत. तो दांडाच ढकलून दार उघडायचं असतं, मग कुत्रा फरफटत जातो. बोटीच्या टपावरच्या कडीलाही कधी बांधू नका, घसरला तर पट्ट्याला लटकेल.

दुसरा धोका फसवा आहे. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, जुलै महिना. एका वळणावर बोट बांधली होती. काठालगतच्या पाण्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा थर साचला होता. आपल्याकडेही साचलेल्या तळ्यांवर ती वनस्पती असते. माणसालासुद्धा ते गवत वाटावं असं ते दिसतं. ठकी उड्या मारत आली, त्या हिरवळीवर पाय ठेवला आणि सरळ नाहीशी झाली. आवाजसुद्धा झाला नाही. वर आली तेव्हा तोंडभर हिरवा चिखल आणि डोळे पांढरे. तिच्या अंगात तरंगणारं जाकीट नव्हतं, कारण बोट बांधलेली होती आणि मला वाटलं आता काय होणार आहे. बोट आणि काठ यांच्या फटीत ती अडकली होती. नवऱ्यानं पायानं बोट ढकलून धरली आणि मी पालथी पडून तिचं मानगूट धरून ओढलं. १९ किलोची कुत्री ओली झाली की किती जड होते ते त्या दिवशी कळलं. रात्री शेगडीजवळ ती थरथरत होती आणि मी तिच्या अंगावर हात ठेवून जागी होते. चूक पूर्णपणे माझी होती.

तेव्हापासून पाठीवर मूठ असलेलं जाकीट बोटीच्या दाराशीच टांगलेलं असतं आणि बोट बांधलेली असो की चालती, काठावर ते अंगात असतं. ३२ किलोच्या लॅब्रडॉरला तर मूठ हवीच. घरून निघण्याआधी त्याला जाकीट घालून, मूठ धरून एकदा उचलून बघा. मुलीला जमतं का, जावयांना जमतं का, ते आधी माहीत असू द्या. कुत्रा पडलाच तर पहिलं काम इंजिन न्यूट्रलला टाकणं, मागे पंखा फिरत असतो. मग त्याला बोटीपासून लांब, काठाकडे बोलवायचं. पाठोपाठ उडी मारायची नाही. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढाच खोल असतो, पण खाली चिखल आहे आणि पाणी जूनमध्येही गार असतं. पोहता येत नसेल तर लॉकपाशी तुम्ही दोघांनीही जाकीट घाला, कंपनीकडे मागा, देतात.

लहानसहान गोष्टी भराभर सांगते. मे-जूनमध्ये हंसांची पिल्लं असतात. नर हंस पंख फुलवून अंगावर येतो, तेव्हा पट्टा आखूड धरा. मासे पकडणाऱ्यांचे लांब गळ वाटेवर आडवे असतात आणि शेजारी आमिषाचे डबे. लॅब्रडॉर डबा फस्त करेल, आत गळाचे आकडे असतात. शेतात मेंढ्या असल्या तर पट्टा सोडायचा नाही म्हणजे नाही. कडक उन्हाळ्यात पाण्यावर निळसर-हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर त्याला पिऊ देऊ नका, पोहू देऊ नका. त्या शेवाळाच्या विषानं कुत्री तासाभरातही दगावू शकतात. लेप्टोची लस वर्षभरात झालीय का ते मुलीला विचारा. मुंबई-ठाण्याच्या माणसाला लेप्टो काय ते सांगायला नको. आणि बोटीतलं स्वयंपाकघर हातभर असतं, कांदापोहे करताना कांदा खाली पडतोच. कांदा, लसूण, मनुका, बेदाणे हे कुत्र्याला विष आहे. चिरताना त्याला बाहेर ठेवा.

प्रश्न : मी ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. आपला कालवा उतारानं वाहतो. तुम्ही लिहिता इंग्लंडच्या कालव्याचं पाणी स्थिर असतं. मग बोट चढ कसा चढते आणि वरचं पाणी संपत कसं नाही? – एक निवृत्त वाचक, सांगली

काका, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण मला हा प्रश्न पडायला दोन वर्षं लागली आणि तुम्हाला तो लगेच पडला.

आपला कालवा शेताला पाणी द्यायला, म्हणून त्याला मंद उतार. इथला बोटीला रस्ता द्यायला, म्हणून सपाट. पातळी बदलायची झाली की एकदम बदलायची, पायरीसारखी. ती पायरी म्हणजे लॉक. वरच्या आणि खालच्या दारांमध्ये बोट मावेल एवढी पेटी. खालून बोट आत घ्यायची, खालची दारं लावायची, वरच्या दाराच्या झडपा हँडलनं फिरवून उघडायच्या. पाणी आत येतं, बोट वर उचलली जाते. दोन्हीकडची पातळी एक झाली की वरचं दार एका माणसाच्या जोरावर उघडतं, त्याआधी दहा माणसांनाही उघडायचं नाही. पंप नाही, वीज नाही. उतरताना एक जपायचं: वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठा असतो, तो कुठवर आहे ते दाखवणारी पांढरी खूण लॉकच्या काठावर केलेली असते. बोटीचं मागचं टोक त्या खुणेच्या पुढे ठेवलं नाही तर पाणी उतरतं आणि बोट उंबरठ्यावर अडकून तिरकी होते. बोटी अशाच बुडतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच सगळी मेख आहे. दर वेळी एक लाखाहून जास्त लिटर पाणी खाली जातं. कालव्याचा सगळ्यात उंच टप्पा दोन्ही बाजूंना लॉकं उघडली की रिकामा होत राहतो, म्हणून त्या टप्प्यासाठी तलाव बांधलेत. ऑक्सफर्ड कालव्याच्या माथ्याला बॉडिंग्टन आणि क्लॅटरकोट इथल्या तलावांचं पाणी आहे. पाऊस कमी झाला की लॉकं ठराविक तासच उघडतात, कधी पार बंदही ठेवतात. ठाण्याच्या वाचकांनीही निघण्याआधी हे बघून घ्यावं. उन्हाळ्यात नॅप्टनला स्वयंसेवक लॉकवर उभे असतात, हातात हँडल, कुठल्या बोटीनं आधी यायचं ते सांगणारे. मला ते आपल्या पाटकऱ्यासारखे वाटतात. पाण्याची पाळी ज्याच्या हातात, त्याचा शब्द सगळे ऐकतात.

आणखी एक गोष्ट खास तुमच्यासाठी. हा कालवा आखला जेम्स ब्रिंडली यांनी. काम १७६९ च्या कायद्यानं सुरू झालं, ब्रिंडली १७७२ मध्ये वारले आणि ऑक्सफर्डला पाणी पोचायला १७९० उजाडलं. भराव आणि बोगदे खर्चिक, म्हणून त्यांनी समान उंचीची रेषा धरून टेकड्यांना वळसे घातले, जसा आपला कालवा डोंगराच्या कडेनं जातो तसाच. माथ्यावरचा ११ मैलांचा टप्पा सरळ रेषेत निम्म्याहूनही कमी भरेल. उत्तरेकडचा भाग १८३० च्या सुमारास सरळ करून टाकला, माथा मात्र तसाच राहिला. वर्मलीटनच्या टेकडीभोवती आम्ही एकच शेतघर तीन बाजूंनी बघतो. ठकीला ते वळण पाठ आहे. ती आधीच शेताच्या बांधानं पलीकडे जाऊन आमची वाट बघत बसायची.

प्रश्न : आमची देशी कुत्री चार वर्षांची आहे. पुढच्या वर्षी दहा दिवसांसाठी इंग्लंडला येताना तिला बोटीवर आणावं असं मनात आहे. – एक वाचक, नागपूर

दहा दिवसांसाठी आणू नका. माया कळते, पण हे तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी होईल. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. ब्रिटनमध्ये पोचण्याआधी १ ते ५ दिवसांच्या आत पट्टकृमीचं औषध, सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र. आणि ब्रिटनमध्ये विमानानं येणारी कुत्री मालवाहू विभागातूनच येतात, केबिनमध्ये तुमच्या पायाशी नाही. कायमचं राहायला येत असाल तर हे सगळं जरूर करा, इथे आलेल्या किती तरी देशी कुत्री मजेत आहेत. सुट्टीसाठी मात्र तिला तिच्या अंगणात, तिच्या माणसांकडे ठेवा.

प्रश्न : मावशी, मी लेस्टरला एमएस्सी करतेय. भाडं परवडत नाही. जुनी बोट घेऊन कुत्र्यासोबत कालव्यावर राहिलं तर स्वस्त पडेल का? – एक विद्यार्थिनी

बाळा, स्वस्त पडत नाही. विकत घ्यायच्या किमतीशिवाय कालव्यांच्या ट्रस्टचा वार्षिक परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी, दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप, डिझेल, गॅस, कोळसा. कायमचा धक्का घेतला तर त्याचं भाडं निराळं. घेतला नाही तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही, खरोखर फिरत राहावं लागतं. आज कॉलेजपासून दोन मैल, पुढच्या महिन्यात पंधरा. पाणी भरणं, शौचालयाची टाकी रिकामी करणं हे स्वतः करायचं, जानेवारीतसुद्धा, कालवा गोठलेला असला तरी.

मी तुला परावृत्त करत नाही. एकट्या राहणाऱ्या कितीतरी मुली मला काठावर भेटतात. पण आधी नोव्हेंबरात कुणाच्या तरी बोटीवर आठवडाभर राहून बघ, जूनमध्ये नको. आणि घेतलीस तर शेगडीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय एक रात्रही झोपू नकोस. हे मात्र आईच्या जागी सांगते.

प्रश्न : बोगद्यात कुत्रं घाबरत नाही का? – दापोली

घाबरतं, निदान आमची घाबरते. ब्राउनस्टनचा बोगदा २,०४२ यार्डांचा, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या वर. आत इंजिनाचा आवाज घुमतो, वरून पाणी ठिबकतं, समोरून दुसरी बोट आली की भिंतीला घासत जावं लागतं. पहिल्या वेळी ठकी पलंगाखाली शिरली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मग कळलं की घोड्यांचीही हीच अडचण होती. बोगद्यात टोपाथच नाही. बोटवाले फळीवर आडवे पडून पायांनी भिंत ढकलत बोट पुढे न्यायचे आणि घोड्याला सोडून, टेकडीवरून पलीकडे नेलं जायचं. ती घोड्याची वाट अजून आहे. आता नवरा बोट घेऊन आत जातो, आणि ठकी आणि मी टेकडीवरून. बोगद्याला हवा यावी म्हणून बांधलेले विटांचे बुरूज शेतात उभे दिसतात, त्यांच्या रांगेवरून वाट चुकत नाही. कधी एखाद्या बुरुजातून डिझेलचा वास वर येतो आणि ठकी थांबून नाक वर करते. तिला कळतं खाली कोण आहे ते. पलीकडच्या तोंडाशी आम्ही बहुतेक वेळा आधी पोचतो.

प्रश्न : आमचा राजा १३ वर्षांचा आहे. मागचे पाय अधू झालेत. मुलगा कोव्हेंट्रीला आहे, राजा त्याच्याकडेच असतो. डॉक्टर म्हणतात हे वर्ष कदाचित शेवटचं. मुलाला वाटतं त्याला एकदा बोटीवर न्यावं. म्हातारपणी त्रास देतोय का आम्ही त्याला? – एक आई, पनवेल

नाही. हे उत्तर मी ठकीकडे बघत लिहितेय, ती पायाशी झोपलीय.

म्हाताऱ्या कुत्र्याला लांब चालवत नाही, पण त्याचं नाक म्हातारं होत नाही. घरी त्याला एकच गल्ली असते. बोटीवर पुढच्या उघड्या जागेत गादी टाकून बसवलं की दर पाच मिनिटांनी नवी गल्ली त्याच्यासमोरून जाते: ओलं गवत, मेंढ्या, कुणाच्या तरी बोटीतली तळणी, बगळा उडून गेलेली जागा. तो नुसता पडून राहील आणि नाक चालू असेल. नॅप्टनची नऊ लॉकं ठकी पूर्वी सगळी चालायची. आता खालची दोन चालते, मग उभी राहून माझ्याकडे बघते. आम्ही तिला बोटीत घेतो आणि ती वरच्या शेवटच्या लॉकला पुन्हा उतरायला मागते. चालायचं आणि बसून जायचं या दोन्हींच्या मधे एक पाऊल आहे. गाडीत किंवा आगगाडीत हे करता येत नाही.

जपायचं ते असं. खरी अडचण आत उतरायच्या पायऱ्यांची आहे, त्या शिडीसारख्या उभ्या असतात. राजाला प्रत्येक वेळी उचलूनच न्यावं लागेल. पोटाखालून धरायचा पट्टा मिळतो, तो मुलाला घ्यायला सांगा. पोलादी बोट दुपारी तापते, म्हणून जुलै-ऑगस्ट टाळा, मेच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये जा. लॉकांचा मार्ग नकोच. ब्राउनस्टनपासून हिलमॉर्टनपर्यंत सात-आठ मैल एकही लॉक नाही, हिलमॉर्टनच्या अलीकडे बोट वळवायला रुंद जागा आहे. तेवढंच जायचं, रात्री कुरणाच्या कडेला बोट बांधायची, परत यायचं. तीन दिवस पुरे. औषधांचा डबा आणि जवळच्या पशुवैद्यांचे नंबर बरोबर.

मुलानं बोट ठरवताना कंपनीला एकच प्रश्न आधी विचारावा: पुढच्या दारातून आत जायला किती पायऱ्या, आणि प्रत्येक किती इंच उंच? काही बोटींना पुढे दोनच पायऱ्या असतात. कळलं की मला लिहा. आमच्याकडे ठकीसाठी केलेली लाकडी उतरण आहे, सव्वा फूट रुंद, वर जुनी सतरंजी ठोकलेली. रग्बी ते कोव्हेंट्री गाडीनं अर्ध्या तासाचं अंतर, मी आणून देईन.